सुरंगीसाठी चार खेपा: वेंगुर्ल्याजवळची एक घरगुती नर्सरी

आधीच सांगून टाकते, नर्सरीचं नाव लिहिणार नाहीये. नर्सरीवाल्या काकांनीच बजावलंय, "लिवचा तर लिवा, पण नाव घालू नकात, मृगात आधीच हंय पाय ठेवूक जागा नसता." आणि खरं सांगायचं तर नाव असं काही नाहीच, रस्त्याला एक पत्रा ठोकलाय त्यावर ऑइलपेंटने "कलमे मिळतील" एवढंच लिहिलंय, त्यातला "क" पण पावसाने गेलाय. वेंगुर्ला स्टँडवर कुठल्याही रिक्षावाल्याला म्हणा, दारात सुरंगीचं मोठं झाड असलेली नर्सरी, बरोबर नेऊन सोडतो.

आम्ही डोंबिवलीचे. नवऱ्याचं गाव वेंगुर्ला तालुक्यात, चिऱ्याचं घर, मागे पाऊण एकर परडं, आणि सासरे गेल्यापासून सगळं कुलूपबंद. गणपती आणि शिमगा एवढ्यापुरतं उघडायचं, जळमटं काढायची, लाइट बिल भरायचं, परत कुलूप. जुने आंबे दोन उरलेत, माड पाच, बाकी सगळं रान माजलेलं. लॉकडाऊनमध्ये नवऱ्याच्या डोक्यात शिरलं की इथे बाग करायची, मग तो रोज रात्री व्हिडिओ बघायला लागला आणि आम्हाला ठिबकचं गणित सांगायला लागला. सासूबाईंचं एकच म्हणणं, तुम्ही काय हवं ते लावा, मला दारात एक सुरंगी पाहिजे.

सुरंगी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. हे आपल्या किनाऱ्याकडचं झाड, मोठं होतं, काळपट हिरवी जाड पानं, आणि होळीच्या आसपास फुलायला लागलं की फुलं फांद्यांना अशी चिकटून येतात की फांदी दिसत नाही. पांढरी पाकळी, आत पिवळे केसर. कळ्या पहाटे, उमलायच्या आत काढायला लागतात, म्हणजे कुणीतरी अंधारात झाडावर चढायचं. सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या बाजारात त्याचे वळेसर (गजरे) मिळतात आणि वळेसर सुकला तरी वास जात नाही, सासूबाईंच्या लुगड्यांच्या ट्रंकेत अजून एक आहे, कधीचा ते त्यांनाही आठवत नाही. तर हे झाड कुठल्याही नर्सरीत सहज मिळत नाही. मी हायवेवरच्या चार नर्सऱ्यांमध्ये विचारलं, दोघांनी सोनचाफा दाखवला, एकाने "सुरंगी म्हणजे मॅडम इम्पोर्टेड का?" असं विचारलं.

हायवेवरून आठवलं. २०२१ मध्ये आम्ही अशाच एका ठिकाणाहून (नाव नको) दहा हापूस कलमं घेतली होती, मे महिन्यात, सुट्टीत आलो होतो म्हणून. पिशव्या छान, पानं चकचकीत, प्रत्येकाला लाल रिबन. चार वर्षांनी परिस्थिती अशी की सहा पहिल्याच वर्षात मेली, तीन जोमात वाढली, आणि जोमात वाढलेल्या तिन्हीचं वरचं कलम कधीच मरून गेलं होतं, जोडाच्या खालून रायवळ (साधा गावठी आंबा) फुटलं होतं ते आम्ही कौतुकाने वाढवत होतो. फोटो टाकत होतो फॅमिली ग्रुपवर! दहावं एक खरं निघालं. आता त्यात आमची पण चूक होतीच, ती कळली ती ह्या काकांमुळे, म्हणून हे सगळं लिहितेय.

पहिली खेप मे २०२५ च्या पहिल्या आठवड्यात. बाहेर कातळ नुसता तापलेला आणि गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आत शिरलं की एकदम गार. वर माड नि पोफळी, त्याखाली शेडनेट, जिथे नेट फाटलंय तिथे माडाची चुडतं (झावळ्या) टाकलीयत, आणि खाली पिशव्यांच्या ओळी. कारंजं, गणपतीच्या आकाराच्या कुंड्या, रंगीत दगड वगैरे काही नाही, ते हवं असेल तर इथे येऊच नका. काकी खळ्यात रातांबे (कोकमाची फळं) फोडत बसल्या होत्या. बिया वेगळ्या, सालं उन्हात, मग रसात मीठ घालून त्यात सालं बुडवायची आणि परत उन्हात, असं बरेच दिवस चालतं, काकी म्हणाल्या घाई केली की आमसूल काळं होत नाही आणि मग पुण्यामुंबईचे लोक म्हणतात भेसळ आहे. न विचारता सरबत आलं. मी पैसे विचारले तर त्या हसल्या नुसत्या.

काकांनी मात्र काही विकलं नाही. म्हणजे अक्षरशः नाही. मी म्हटलं आंबा, काजू, कोकम, जायफळ असं सगळं मिळून बारा-पंधरा रोपं पाहिजेत, गाडी घेऊन आलोय, डिकी रिकामी आहे. ते म्हणाले, "आता न्हेव नकात. मरतली, मगे माका शिव्यो घालशात." मग विचारलं, घरात कोण असतं? म्हटलं कोणी नाही, आम्ही येऊन-जाऊन असतो. "मगे पाणी कोण घालतलो?" ह्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. नवरा ठिबक म्हणाला, तर काकांनी नुसतं विहिरीकडे बघितलं, आमच्या विहिरीत मेमध्ये काय असतं ते त्यांना न बघता माहीत होतं.

पण हाकलून दिलं असं नाही. अर्धा तास बसवून सांगितलं की आत्ता काय करायचं तर खड्डे. हापूसला मीटरभर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर खोल, दोन झाडांत दहा मीटर अंतर. काजूला साठ सेंटिमीटरचा खड्डा चालतो, अंतर सात मीटर. खणून उन्हात तापू द्यायचे, मग पालापाचोळा, शेणखत, चांगली माती घालून पाऊस यायच्या आत भरून ठेवायचे, वर थोडा उंचवटा ठेवायचा कारण माती बसते, नाहीतर पावसात खड्ड्याचं तळं होतं आणि आमच्या सहापैकी निम्मी अशीच कुजली असणार. चिऱ्याच्या जमिनीत हाताने खणायचं म्हणजे काय ते ज्याने खणलंय त्यालाच कळेल, आम्ही शेवटी जेसीबी आणला.

सुरंगीची दोन रोपं एका कोपऱ्यात होती, वीतभर. मी बघितली तशी विचारली. "ती विकूक नाय." मी हजार रुपये देते म्हटलं (आता लाज वाटते). काका म्हणाले, झाड म्हणजे काय फ्रीज आसा, कधीय न्हेला नि लावला?

एकच गोष्ट मिळाली, झुडूप मिरी, १२० रुपयाला, डोंबिवलीच्या बाल्कनीसाठी. ही गंमत मला माहीतच नव्हती. मिरीच्या वेलाला दोन तऱ्हेच्या फांद्या असतात, एक जमिनीवरून धावणाऱ्या आणि एक आडव्या, ज्यांना घोस लागतात. धावत्या वेलाचा तुकडा लावला तर माडा-पोफळीवर चढणारा वेल होतो, आणि आडव्या फांदीचा लावला तर तो चढतच नाही, कुंडीत झुडूप होऊन बसतं आणि तिथेच मिरी देतं. आमच्या बाल्कनीत सकाळचं तीन तास ऊन येतं, तेवढ्यात यंदा घोस आले. मोजून वाटीभर मिरी झाली पण सोसायटीत सगळ्यांना दाखवून झालं.

मग आला तो पाऊस. आठवत असेल, २०२५ मध्ये मान्सून २५ मेलाच कोकणात दाखल झाला, त्याच्या आधी चार-पाच दिवस पण धो धो पडत होताच. आम्ही डोंबिवलीत नुसते तळमळत होतो, खड्डे भरून तयार, आता जाऊया का, मी काकांना फोन लावतेय तर फोन उचलतच नाहीत (हा ह्या नर्सरीचा सगळ्यात मोठा दोष, पुढे लिहिते). चौथ्या दिवशी त्यांच्या सुनेने उचलला, आतून काकांचा आवाज, "सांग तेंका, मृग लागांदे." आम्हाला वाटलं म्हातारा हट्टी आहे, पंचांग बघून शेती करतो. आणि मग खरंच पाऊस दडी मारून बसला, जूनच्या पहिल्या आठवड्यात कडक ऊन, आमच्या वाडीत ज्यांनी मेमध्ये घाई करून कलमं लावली ते कळशा घेऊन धावत होते. काकांना मी नंतर विचारलं तुम्हाला कसं कळलं, तर म्हणाले कळलं काही नाही, दरवर्षी मृगालाच सांगतो, ह्या वर्षी बरोबर आलं.

दुसरी खेप जूनच्या मध्यावर, आणि तेव्हा बघायची ही नर्सरी. मे महिन्यातली ती निवांत जागा आहे हे ओळखू येत नव्हतं. चिखल, टेम्पो, डोक्यावर इरली-प्लॅस्टिक घेतलेली माणसं, कुणी पन्नास काजू, कुणी दोनशे, काकांचा मुलगा वहीत लिहितोय आणि वही भिजतेय. फळबाग योजनेत अनुदान घेणाऱ्यांना परवाना असलेल्या नर्सरीचं बिल लागतं, ते इथे मिळतं, परवाना मांगराच्या (बागेतल्या खोपीच्या) भिंतीवर फ्रेम करून लावलाय, पण बिल त्याच दिवशी मिळेल अशी आशा ठेवू नका. आम्हाला दोन तास थांबायला लागलं. तिथे बसायला एक बाकडं आहे आणि त्यावर कुत्रा झोपतो.

भाव सांगते, जून २०२५ चे. हापूस कलम १२०, काजू ७०, कोकमचं मादी कलम १५०, जायफळ कलम ३५०. स्वस्त नाही. वेंगुर्ल्यातच दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे, वेंगुर्ला १ पासून ९ पर्यंतच्या काजूच्या जाती तिथल्याच, नुसता काजू-आंबा हवा असेल तर आधी तिथे चौकशी करा हे स्वतः काकाच सांगतात. मग इथे कशाला यायचं, तर कोकम, जायफळ असल्या झाडांसाठी, जिथे फसायला वाव जास्त.

कारण ह्या झाडांत नर-मादी वेगळी असतात. कोकमचं बी लावलं तर निम्मी झाडं नर निघतात, आणि ते कळतं कधी, तर सात-आठ वर्षांनी फुलल्यावर, तोपर्यंत तुम्ही त्याला खत घातलं, गवत काढलं, नवस बोललात. जायफळाचं तेच. मादी झाडाची काडी घेऊन कलम केलं की ही भानगड संपते, फळ पण चार-पाच वर्षांत. पण त्यातही एक मेख आहे आणि ती मला कुठल्याच व्हिडिओत कुणी सांगितली नव्हती. ह्या झाडांच्या उभ्या शेंड्याची काडी घेतली तर कलम सरळ वर वाढतं आणि आडव्या फांदीची घेतली तर जन्मभर आडवंच पसरतं, झुडपासारखं. आडवी काडी भरपूर मिळते, उभी एका झाडावर मोजकी, म्हणून उभी महाग. काकांकडे दोन्ही वेगळ्या ओळीत ठेवलीयत आणि ते विचारतात, जागा किती, कुठे लावणार, माडांच्या मधे लावणार असाल तर उभंच घ्या. आम्ही चार कोकम घेतली, तीन मादी आणि एक नर, नर त्यांनी पंचवीस रुपयाला दिला, परागासाठी एखादा आसपास हवाच म्हणाले.

आंब्याचं कलम निवडताना त्यांनी आमची उजळणी घेतली. आधी जोड बघायचा, गाठ भरून आलीय का, खालचं नि वरचं खोड साधारण एकाच जाडीचं आहे का. जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी लावताना आठवणीने सोडवायची, राहिली तर खोडाला आवळते. लावताना जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. जोडाखाली काही फुटलं की लगेच खुडायचं (इथे नवरा माझ्याकडे बघत होता). आणि पहिली तीन-चार वर्षं मोहर आला तर काढून टाकायचा, फोटो काढून झाला की. आम्ही सहा हापूस मागितले होते, काकांनी चारच दिले आणि दोन रत्ना गळ्यात मारले, हापूस एक वर्ष देतो नि एक वर्ष रुसतो, साका (आतला गर पांढरट, खराब) पण होतो, रत्नाला साका होत नाही, घरात खायला एवढं तरी हमखास असू दे. रत्ना म्हणजे नीलम आणि हापूसचा संकर, १९८१ सालचा, इथलाच. खरं सांगू का, मला आधी वाटलं खपत नसलेला माल देतायत. मग मांगराच्या मागे त्यांचं स्वतःचं रत्नाचं झाड बघितलं, गप्प बसले.

सुरंगी? "घरात कोण असता?" परत तेच. परत नाही.

तिसरी खेप गणपतीत. २०२५ चे गणपती २७ ऑगस्टला होते, आम्ही चार दिवस आधी गेलो माटवीचं (गणपतीच्या वर बांधतात त्या रानफळा-पानांच्या सजावटीचं) सामान गोळा करायला आणि वाटेत थांबलो. त्या वेळी नर्सरीत विक्री जवळजवळ बंद असते पण मला विचाराल तर बघायला जायची खरी वेळ तीच, कारण कोय कलमं चाललेली असतात. मांगराच्या पडवीत घरातले सगळे गोल बसलेले, काका, मुलगा, सून, शेजारची एक बाई, बाहेर पाऊस कोसळतोय, मधे रुजलेल्या कोयींचा ढीग. कोय रुजून दहा-पंधरा दिवस झाले की रोप वीतभर होतं, पानं अजून तांबूस, काडी मऊ. ते रोप बोटभर उंचीवर उडवायचं, मधे चीर द्यायची, हापूसची काडी खालून पाचरीसारखी तासायची, चिरेत बसवायची, प्लॅस्टिकच्या पट्टीने करकचून बांधायची, पिशवीत लावायची, पुढचं घ्यायचं. काडी पण अशीच झाडावरून तोडून आणत नाहीत, आठ-दहा दिवस आधी झाडावरच तिची पानं कापून नुसते देठ ठेवतात, देठ गळले आणि डोळा फुगला की मग काढायची. काकांचा हात एवढा सरसर चालत होता की मी व्हिडिओ स्लो करून परत बघितला. शंभरातली साठ-सत्तर जगतात म्हणाले, हवा चांगली असली तर. मुलाची किती जगतात विचारलं तर मुलगा म्हणाला, "बाबांसमोर विचारू नका."

तिथेच तौक्तेचा विषय निघाला. मे २०२१ मध्ये ते वादळ किनाऱ्याला घासत गेलं तेव्हा ह्यांचं शेडनेट दोन वाड्यांपलीकडे मिळालं, पोफळी मधोमध मोडल्या, आणि त्यांच्या वडिलांच्या हातचं कोकमचं झाड, ज्याच्या काड्या इतकी वर्षं सगळीकडे गेल्या, ते मुळासकट आडवं. काकी म्हणाल्या घराची कौलं उडालेली, आत पाणी, आणि हे कोयता नि सुरी घेऊन आडव्या झाडावर काड्या काढत बसलेले. दोन दिवस लाइट नव्हती, कंदिलावर कलमं बांधली. वेळ बरोबर नव्हती, वीस बांधली त्यातली चार जगली. त्यातलं एक आता विहिरीजवळ कमरेएवढं आहे, त्याच्यावरून काड्या घेतात. आमची तीन मादी कोकमं त्याचीच निघाली. मला हे जूनमध्ये १५० रुपये देताना कुणी सांगितलं नव्हतं.

काकींनी जाताना माटवीसाठी शिपटं, कांगण्या, हरणं, कवंडाळ असं पिशवी भरून दिलं, आम्ही रानात शोधत फिरणार होतो ते वाचलं. त्याचेही पैसे घेतले नाहीत. धंदा कसा चालतो ह्यांचा कुणास ठाऊक.

आता गाऱ्हाणी, कारण नुसतं गोड लिहिलं तर जाहिरात वाटेल. फोन. उचलत नाहीत म्हणजे नाहीत, व्हॉट्सॲपला दोन निळ्या टिका येतात आणि विषय संपतो. गुगल मॅपवर जो पिन आहे तो शेजारच्या चिरेखाणीवर नेतो, आमची गाडी तिथून रिव्हर्स काढायला वीस मिनिटं लागली. जीपे आहे पण रेंज विहिरीच्या कठड्यापाशीच येते, तिथे उभं राहून पैसे पाठवायचे नि ओरडून सांगायचं "गेले का?". लेबलं मार्करने लिहितात, पहिल्या दोन पावसात पुसतात, आमचा एक काजू वेंगुर्ला ४ म्हणून घेतलेला आहे, पण तो ७ असू शकतो असं आता मुलगाच म्हणतो, बी धरल्यावर कळेल म्हणे, सातची बी मोठी असते, दहा ग्रॅमच्या आसपास. बरं चूक झाली तर बदलून द्या म्हणावं तर झाड जमिनीत गेलेलं. कुरिअर नाही, होम डिलिव्हरी नाही, तुम्ही ठाण्याहून ऑर्डर करणार असाल तर विसरा. चतुर्थीचे अकरा दिवस, गावच्या जत्रेचा आठवडा आणि भातकापणीला बंद, आणि बंद आहे हे तिथे गेल्यावरच कळतं. इनडोअर प्लांट विचारलेत तर काका दुःखी चेहरा करतात.

आमची झाडं? आंबे सहा, कोकम चार, काजू दोन अशी बारा. जायफळ त्यांनी दिलंच नाही, वर सावली धरणारं काहीतरी वाढू दे, मग दोन वर्षांनी या. शेजारच्या काकींना महिन्याचे पैसे ठरवून पाणी घालायला सांगितलं, बुंध्याशी गवताचा जाड थर घातला, उन्हाळ्यात वरून चुडतांची सावली केली. अकरा जिवंत आहेत. एक रत्ना फेब्रुवारीत उनाड गुरांनी खाल्ला, तो दोष कुणाचा नाही, गडगा आमचाच पडलेला.

दिवाळीनंतर घरात एक मोठी घडामोड झाली. सासूबाई म्हणाल्या मी गावालाच राहते. आम्ही खूप समजावलं, डॉक्टर लांब, एकट्या कशा राहाल, पण त्या डोंबिवलीच्या चौथ्या मजल्यावर किती कंटाळल्या होत्या ते आम्हाला दिसत होतंच. डिसेंबरमध्ये त्यांना सोडून आलो.

तर चौथी खेप, यंदाच्या शिमग्याला, मार्चमध्ये. ह्या वेळी त्या पण बरोबर. सुरंगी फुललेली. मी ते झाड तीनदा बघितलं होतं पण फुलावर कधीच नाही, आणि खरंच ओळखू आलं नाही, फांद्यांना जणू लाह्या चिकटवल्यात, खाली मधमाश्यांचा नुसता घूं आवाज, वास तर रस्त्यावर गाडीची काच खाली केल्यापासूनच. कळ्या त्या दिवसाच्या पहाटेच काढून झाल्या होत्या, तरी एवढं उरलेलं. नर्सरीत बाकी शांत, मुलगा पाण्याचा पाइप घेऊन ओळीओळीने शिंपत होता, उन्हाळ्यात दिवसातून दोनदा हेच, सुट्टी नाही. काकी पोफळीच्या सावलीत वळेसर ओवत बसलेल्या. सासूबाई सरळ त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या आणि ओवायला लागल्या, ओळख ना पाळख. दहा मिनिटांत दोघींची कुठली कुठली नाती निघाली, सासूबाईंच्या माहेरची कुणीतरी ह्यांच्या वाडीत दिलेली.

काका आले, त्यांनी सासूबाईंना विचारलं, "हंयच ऱ्हवतास आता?" त्या म्हणाल्या हो, कायमची. काका उठले, कोपऱ्यात गेले आणि सुरंगीचं रोप घेऊन आले. मी नुसती बघत राहिले. वर्षभर मी ज्याच्यासाठी हेलपाटे घालत होते ते तीस सेकंदात. मी म्हटलं काका आता तर मार्च आहे, पाऊस कुठे, तुम्हीच म्हणता आता न्हेव नका. तर म्हणाले हे कलम नाही, बियांचं रोप आहे, मोठ्या कुंडीत घालून दिलंय, सावलीत ठेवा, रोज तांब्याभर पाणी, मृगाला जमिनीत. "तुमी असतास तर दिलंय नसतंय. तुमची सासू आसा म्हणान."

किती घेतले? दोनशे. माझे हजार त्यांना आठवत होते, त्यावरून हसले पण. आणि फुलणार कधी विचारलं तर स्पष्ट सांगितलं की बियांपासूनच्या सुरंगीला बरीच वर्षं लागतात, त्यात ह्या झाडातही नर असतोच, आणि आत्ता बघून ओळखणारा अजून जन्माला आलेला नाही. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. त्या म्हणाल्या असू दे, मला कुठे घाई आहे, आणि काकींनी त्यांच्या केसात वळेसर माळला.

एक स्टार कापलाय तो फोनसाठी. जाणार असाल तर मे सोडून जा, कलमं हवी असतील तर मृगानंतरचे पंधरा दिवस, सकाळी नऊच्या आत. सुट्टे पैसे न्या, रिकामे क्रेट न्या नाहीतर पिशव्या डिकीत आडव्या होतात, आणि विचारतीलच घरात कोण असतं, तेव्हा खरं सांगा. परवा सासूबाईंना फोन केला तर म्हणाल्या सुरंगीला दोन पानं फुटलीयत, आणि काका स्कूटरवरून येऊन बघून गेले. मी काकांना धन्यवाद म्हणायला फोन लावला होता. उचलला नाही.